पस्तीस मिनिटांत सहासष्ट युद्धनौका

12 नोव्हेंबर 1921, शनिवार. वॉशिंग्टनच्या मेमोरियल कॉन्टिनेंटल हॉलमध्ये बड्या राष्ट्रांचे प्रतिनिधी शस्त्रकपातीच्या परिषदेसाठी जमले होते. आदल्याच दिवशी आर्लिंग्टनच्या दफनभूमीत महायुद्धातल्या एका अनाम अमेरिकन सैनिकाचं दफन झालं होतं, त्यामुळे वातावरण गंभीर होतं. राष्ट्राध्यक्ष वॉरन हार्डिंग यांनी स्वागताचं भाषण केलं. अशा परिषदांचा पहिला दिवस कसा जातो हे सगळ्यांना ठाऊक होतं. गोड भाषणं होतात, समित्या नेमल्या जातात आणि मंडळी जेवायला जातात.

मग परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज उभे राहिले. भरघोस दाढीचे हे गृहस्थ एकेकाळी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होते. पहिली काही मिनिटं त्यांचं भाषणही अपेक्षेप्रमाणेच चाललं. आणि मग ते आकडे सांगू लागले. अमेरिका स्वतःच्या 30 मोठ्या युद्धनौका मोडीत काढायला तयार आहे. एकूण 8,45,740 टन. यातल्या 15 नौका बांधून व्हायच्या आहेत आणि त्यांच्यावर 33 कोटी डॉलरहून जास्त खर्च झालेला आहे. सभागृहात चुळबूळ सुरू झाली. आपलंच आरमार कमी करणारा मंत्री कुणी पाहिला नव्हता. पण ह्यूज थांबले नाहीत. ब्रिटनने काय मोडावं हे त्यांनी सांगितलं: 19 जहाजं, शिवाय ज्या चार अजस्र नौकांची नुकतीच मागणी नोंदवली होती त्याही बांधायच्या नाहीत. मग जपानचा नंबर. 17 जहाजं, आणि त्यात जवळजवळ नवी कोरी ‘मुत्सु’सुद्धा. ब्रिटिश आरमाराचे प्रमुख अ‍ॅडमिरल बीटी समोरच बसले होते. ब्रिटनच्या नौका कुठल्या मोडायच्या ते एक अमेरिकन वकील, भर सभेत, पत्रकारांच्या देखत सांगत होता!

तिन्ही देशांची मिळून 66 जहाजं. सुमारे पावणेएकोणीस लाख टन. सगळ्या दर्यावर्दी सेनापतींनी शतकानुशतकं मिळून बुडवली नसतील एवढी जहाजं ह्यूजनी पस्तीस मिनिटांत बुडवली, असं एका ब्रिटिश वार्ताहराने लिहून ठेवलं. पत्रकारांच्या जागेत त्या दिवशी विल्यम जेनिंग्ज ब्रायन होते, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक तीनदा हरलेले आणि कधीकाळी स्वतः परराष्ट्रमंत्री असलेले गृहस्थ. परिषदेच्या बातम्या लिहायला एच. जी. वेल्सही आले होते. भविष्यातल्या युद्धांवर कादंबऱ्या लिहिणाऱ्याला हा प्रसंग कल्पनेपलीकडचा वाटला असेल तर नवल नाही.

हे घडलं कसं, हे समजायला दोन वर्षं मागे जावं लागतं. महायुद्ध संपलं, पण आरमारांची चढाओढ संपली नव्हती. अमेरिकेचा 1916 चा बांधणी कार्यक्रम पुढे चालू होता. तो तडीस गेला असता तर ब्रिटिश आरमार दुसऱ्या क्रमांकावर गेलं असतं. जपानने आठ नव्या युद्धनौका आणि आठ नवे बॅटलक्रूझर असा ‘आठ-आठ’ संकल्प सोडला होता, आणि 1921 मध्ये त्या देशाच्या अंदाजपत्रकातला जवळजवळ निम्मा पैसा लष्कर आणि आरमार मिळून खात होतं. ब्रिटन कर्जात बुडालेलं. गंमत अशी की या तिघांपैकी कुणालाच ही शर्यत नको होती, आणि थांबायची सुरुवात आपण करावी असंही कुणाला वाटत नव्हतं.

अमेरिकेत राजकारणाची हवा फिरली होती. राष्ट्रसंघाची कल्पना घेऊन तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष विल्सन पॅरिसहून परतले आणि त्यांच्याच सिनेटने 1919 च्या नोव्हेंबरात आणि पुन्हा 1920 च्या मार्चमध्ये व्हर्सायचा तह फेटाळला. 1920 ची निवडणूक हार्डिंग यांनी सुमारे साठ टक्के मतं घेऊन जिंकली. हे ओहायोतल्या मॅरियन नावाच्या गावचे वृत्तपत्रमालक. दिसायला राजबिंडे, स्वभावाने भिडस्त, आणि पत्त्यांचे शौकीन. व्हाइट हाऊसमध्ये पोकरचे डाव नियमाने रंगत. इतिहासकारांच्या क्रमवारीत हार्डिंग यांचं नाव बहुतेक वेळा तळाशी असतं, आणि मित्रांनी केलेले घोटाळे पाहता ते समजण्यासारखंही आहे. पण या एका बाबतीत त्यांनी जे केलं ते विद्वान विल्सनना जमलं नव्हतं.

शस्त्रकपातीची मागणी मुळात हार्डिंग यांची नव्हती. आयडाहोचे सिनेटर विल्यम बोरा यांनी डिसेंबर 1920 मध्ये ठराव आणला: अमेरिका, ब्रिटन आणि जपान यांनी एकत्र बसून आरमारावरचा खर्च निम्म्यावर आणावा. हे तेच बोरा, ज्यांनी राष्ट्रसंघाला कडाडून विरोध केला होता. परदेशी भानगडीत पडू नका म्हणणाऱ्या माणसाने परदेशांशी वाटाघाटी करा म्हणावं, यात विसंगती वाटेल. पण बोरांना खर्च नको होता आणि बांधिलकीही नको होती. शस्त्रकपातीत दोन्ही साधत होतं. स्त्रियांना नुकताच देशभर मताधिकार मिळाला होता, आणि स्त्रियांच्या संघटनांनी हा विषय उचलून धरला. पत्रांचा पाऊस पडला. हार्डिंग यांना आधी मोठं आरमार बांधून मग बोलणी करायची होती. वारा पाहून त्यांनी परिषद बोलावली, आणि बोलावली ती अशी की श्रेय त्यांच्या सरकारला मिळावं.

त्यांची खरी हुशारी शिष्टमंडळ निवडण्यात दिसते. विल्सन पॅरिसला गेले तेव्हा सिनेटमधल्या एकालाही त्यांनी बरोबर नेलं नाही, आणि सिनेटने त्याचं उट्टं काढलं. हार्डिंग यांनी विल्सनचा तह बुडवणारे सिनेटर हेन्री कॅबट लॉज यांनाच वाटाघाटीच्या टेबलावर बसवलं, आणि शेजारी विरोधी पक्षाचे सिनेटमधले नेते ऑस्कर अंडरवूड. आता तह फाडायला सिनेटमध्ये उरणार कोण? आरमाराचा करार मंजुरीला आला तेव्हा विरोधात एकच मत पडलं.

ह्यूज यांचाही एक इतिहास होता. 1916 साली ते विल्सनविरुद्ध राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे होते. प्रचारात लाँग बीचच्या एका हॉटेलात ते आणि कॅलिफोर्नियाचे लोकप्रिय गव्हर्नर हायरम जॉन्सन एकाच वेळी उतरले होते, आणि भेट झाली नाही. जॉन्सन दुखावले. कॅलिफोर्निया ह्यूजनी सुमारे 3,800 मतांनी गमावलं आणि त्याबरोबर राष्ट्राध्यक्षपद. एका न झालेल्या भेटीची ही किंमत मोजलेला माणूस पाच वर्षांनी परिषदेची तयारी करताना काहीच योगायोगावर सोडत नाही, याचं मला आश्चर्य वाटत नाही. भाषणाचा मसुदा मोजक्या माणसांनाच ठाऊक होता. आरमारखात्यातून मदतीला होते दुय्यम मंत्री थिओडोर रूझवेल्ट धाकटे. थोरले थिओडोरही एकेकाळी याच खुर्चीत होते, आणि फ्रँकलिन रूझवेल्ट आदल्या वर्षापर्यंत! रूझवेल्ट घराण्याचं त्या खुर्चीशी काहीतरी नातं असावं.

अमेरिकन आरमाराच्या तज्ज्ञांनी ह्यूजना आधी लांबलचक सिद्धांत दिले होते: देशाचा किनारा किती, व्यापार किती, धोका किती, त्यावरून जहाजं किती हवीत. असा हिशेब मांडला की प्रत्येकाला जास्तच जहाजं लागतात. ह्यूजनी तो कागद बाजूला ठेवला आणि एक साधा नियम धरला: आज जो जिथे आहे तिथेच थांबेल. आज कुणाकडे किती टन जहाजं तरंगताहेत आणि बांधणीत किती काम झालंय, एवढंच मोजायचं. त्यातून जे प्रमाण निघालं तेच पुढे कायम: अमेरिका 5, ब्रिटन 5, जपान 3. करारात ते 5,25,000 टन, 5,25,000 टन आणि 3,15,000 टन असं उतरलं. फ्रान्स आणि इटलीला प्रत्येकी 1,75,000 टन मिळाले. फ्रेंच भडकले, पण शेवटी सही केली.

जपानची मागणी 10 ला 7 अशी होती. अमेरिका म्हणत होती 10 ला 6. फरक एका अंकाचा, आणि त्यावरून आठवडेच्या आठवडे ताणाताणी. हा हट्ट कशासाठी, याचं उत्तर मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थक्क झालो. जपानी आरमाराचा सिद्धांत असा होता की प्रशांत महासागर ओलांडून चाल करून येणाऱ्या ताफ्याला जिंकायचं असेल तर बचाव करणाऱ्याच्या निदान दीडपट बळ लागतं. आता 10 ला 7 ने भागा: 1.43. दीडपटीच्या खाली, म्हणजे अमेरिका हरणार. 10 ला 6 ने भागा: 1.67. दीडपटीच्या वर, म्हणजे जपान हरणार. शाळेतल्या भागाकारावर एका साम्राज्याची झोप अवलंबून होती. शिष्टमंडळातले कातो कान्जी नावाचे सेनापती सातच्या खाली यायला तयारच नव्हते.

आणि याच सुमारास न्यूयॉर्कमधल्या एका साध्या घरात हर्बर्ट यार्डली नावाचा, इंडियानाहून आलेला माणूस जपानी तारा वाचत होता. अमेरिकेच्या परराष्ट्र आणि युद्ध खात्याने मिळून 1919 मध्ये हे गुप्तलिपी फोडणारं कार्यालय चालू केलं होतं. पुढे ते ‘काळी कोठडी’ म्हणून प्रसिद्ध झालं. टोकियो आणि वॉशिंग्टनमधल्या शिष्टमंडळात जाणाऱ्या सांकेतिक तारांचा उलगडा होऊन कागद ह्यूज यांच्याकडे पोचत होते. 28 नोव्हेंबरच्या तारेत टोकियोने आपल्या माणसांना पायऱ्या आखून दिल्या: सातसाठी झटा, जमलंच नाही तर साडेसहा, अगदीच नाइलाज झाला तर सहा, पण मग प्रशांत महासागरातल्या तटबंद्या आहेत तशाच राहतील असं आश्वासन घ्या. समोरच्याच्या हातातले पत्ते दिसत असताना पोकर खेळणं अवघड नसतं. यार्डली स्वतः पट्टीचे पोकर खेळणारे होते. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी पोकरवर पुस्तकही लिहिलं. ह्यूज सहावर अडून बसले. सहावरच तडजोड झाली.

इथे बरेच लेखक थांबतात आणि सगळं श्रेय यार्डलींना देतात. मला ते पुरतं पटत नाही. जपानी शिष्टमंडळाचे प्रमुख आणि आरमारमंत्री कातो तोमोसाबुरो (दुसरे कातो, वर आलेल्यांशी नातं नाही) यांचं मत आधीच ठरलेलं दिसतं. त्यांनी मायदेशी पाठवलेल्या संदेशात युक्तिवाद साधा होता: पैशाशिवाय युद्ध होत नाही, आपल्याला कर्ज देऊ शकेल असा देश एकच, अमेरिका, आणि युद्धाची शक्यता आहे तीही अमेरिकेशीच. मग युद्ध कशाच्या जोरावर करणार? परिषदेच्या आठ दिवस आधी, 4 नोव्हेंबरला, जपानचे पंतप्रधान हारा ताकाशी यांचा टोकियो स्टेशनवर खून झाला होता. अशा वातावरणात एका आरमारी माणसाने आपल्याच आरमाराला हे ऐकवायला धाडस लागतं. तोमोसाबुरो पुढच्याच वर्षी पंतप्रधान झाले आणि ऑगस्ट 1923 मध्ये, पदावर असतानाच वारले.

‘मुत्सु’वरून मात्र शेवटपर्यंत घोळ झाला. ती पुरी झालेली आहे, असं जपान म्हणे. अमेरिका म्हणे, नाही. तिच्यासाठी जपानी शाळकरी मुलांनीही पैसे दिले होते, त्यामुळे ती मोडणं कुठल्याच जपानी मंत्र्याला शक्य नव्हतं. शेवटी ‘मुत्सु’ राहिली, बदल्यात अमेरिकेने दोन नौका राखल्या, आणि ब्रिटनला दोन नव्या बांधायची परवानगी मिळाली. त्या दोघी, ‘नेल्सन’ आणि ‘रॉडनी’, 35,000 टनांच्या मर्यादेत बसवताना ब्रिटिश अभियंत्यांनी सगळ्या मोठ्या तोफा पुढच्या भागात कोंबल्या. वजन वाचवायला लागलं की जहाजाचं रूप कसं बदलतं ते या दोन बोटींच्या फोटोत स्पष्ट दिसतं. तटबंद्यांचं आश्वासनही जपानला मिळालं: ग्वाम आणि फिलिपीन्समध्ये अमेरिका नवे तळ मजबूत करणार नाही. म्हणजे पाच या आकड्यातला बराच जोर हवाईच्या अलीकडेच अडकला. जपानी सातवाल्यांना हे दिसायला हवं होतं. त्यांना फक्त सहा दिसले.

6 फेब्रुवारी 1922 ला करारावर सह्या झाल्या. त्यातली एक सही आपल्या ओळखीची आहे. हिंदुस्थानच्या वतीने व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांनी सही केली. तंजावरकडचे हे शास्त्रीबुवा गोखल्यांनंतर पुण्याच्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष झाले होते. परिषद सुरू होऊन पाच दिवस झाले तेव्हा, 17 नोव्हेंबर 1921 ला, प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईला उतरले. त्यांच्या स्वागतावर बहिष्कार होता, आणि शहरात दंगल पेटली. असहकाराच्या त्या दिवसांत नेमस्त शास्त्री साम्राज्याच्या शिष्टमंडळात बसलेले असणं अनेकांना खुपलं. त्यांची बाजू घ्यावीशी वाटली तरी एक गोष्ट मान्य करावी लागते: ज्या देशाला स्वतःचं आरमार नव्हतं, त्याच्या सहीने जगातली सर्वांत मोठी आरमारं कमी करण्याच्या कागदाला अधिकृतपणा आला. हे विचित्रच आहे.

सह्यांनंतर जहाजं खरोखर मोडली. कशी मोडायची याचे नियम करारातच होते: सहा महिन्यांत लढाईला निकामी करायचं आणि अठरा महिन्यांत पुरं संपवायचं. काही भंगारात गेली, काही समुद्रात बुडवली. ‘ऑस्ट्रेलिया’ ही त्या देशाच्या आरमाराची अभिमानाची नौका 12 एप्रिल 1924 ला सिडनीबाहेर बुडवली गेली. अमेरिकेची ‘वॉशिंग्टन’ तीन चतुर्थांश बांधून झाली होती. तिच्यावर पाणतीर मारले, बॉम्ब फोडले, तरी ती तरंगत राहिली, आणि नोव्हेंबर 1924 मध्ये ‘टेक्सास’च्या चौदा इंची तोफांनी तिला तळाशी धाडलं. जपानने अपुऱ्या ‘तोसा’वर तोफगोळ्यांच्या चाचण्या घेतल्या. जहाजाच्या अलीकडे पडलेला एक गोळा पाण्याखालून सरळ जाऊन तिच्या पोटात घुसला. ते पाहून जपान्यांनी मुद्दाम पाण्याखालून जाणारे गोळे तयार केले. मोडीत काढायच्या जहाजाने शिकवलेला हा धडा!

करारातली फट वेगळ्याच ठिकाणी होती. ह्यूजनी मोठ्या युद्धनौका मोजल्या. क्रूझरची संख्या मोजली नाही, पाणबुड्यांवर फ्रान्स राजी झाला नाही, आणि विमानवाहू नौकांसाठी तर प्रत्येकाला वेगळा वाटा मिळाला, कारण 1922 मध्ये कुणी त्यांना फारसं महत्त्व देत नव्हतं. अमेरिकेकडे दोन अर्धवट बॅटलक्रूझर पडून होते. मोडण्यापेक्षा त्यांच्यावर धावपट्टी घालावी, असं ठरलं; त्या झाल्या ‘लेक्सिंग्टन’ आणि ‘सॅराटोगा’. जपानने ‘अकागी’ आणि ‘अमागी’ निवडल्या. सप्टेंबर 1923 च्या भूकंपात ‘अमागी’ मोडली, म्हणून तिच्या जागी ‘कागा’ आली. पर्ल हार्बरवर हल्ला करणाऱ्या विमानांपैकी बरीच ‘अकागी’ आणि ‘कागा’ यांच्या धावपट्ट्यांवरून उडाली. ह्यूजनी भाषणात बॅटलक्रूझर आणि युद्धनौका म्हणून कागदावर बुडवलेली ही जहाजं खरी बुडाली जून 1942 मध्ये, मिडवेला. ‘मुत्सु’ 1943 मध्ये नांगरावर उभी असताना आतल्याच स्फोटाने फुटली. ‘सॅराटोगा’ वाचली, पण 1946 मध्ये बिकिनी बेटांवरच्या अणुचाचणीत तिला लक्ष्य केलं. तिच्याशेजारी ‘मुत्सु’ची सख्खी बहीण ‘नागातो’ही त्याच चाचणीनंतर बुडाली.

यार्डलींचं कार्यालय 1929 मध्ये नवे परराष्ट्रमंत्री हेन्री स्टिमसन यांनी बंद केलं. दुसऱ्यांची पत्रं वाचणं सभ्य माणसाचं काम नव्हे, असं त्यांना वाटे. नोकरी गेलेल्या यार्डलींनी 1931 मध्ये सगळी कथा पुस्तकात छापून टाकली. जपानमध्ये ते हातोहात खपलं. आपला ‘सहा’ कसा ठरला हे तिथल्या वाचकाला कळलं, तेही नेमकं अशा वर्षी, जेव्हा मांचुरियात जपानी सेना घुसत होती.

हा करार फसला असं पुष्कळ पुस्तकं म्हणतात. माझं मत वेगळं आहे. ह्यूजनी जे मोजलं ते चौदा वर्षं खरोखर थांबलं, आणि जे मोजलं नाही त्यात सगळे धावत सुटले. शांततेवर भाषण न करता जहाजांची नावं वाचल्यामुळेच एवढंही साधलं. डिसेंबर 1934 मध्ये जपानने बाहेर पडत असल्याची सूचना दिली आणि 31 डिसेंबर 1936 ला करार संपला. दुसऱ्याच दिवशी, 1 जानेवारी 1937 ला, ब्रिटनने दोन नव्या युद्धनौकांची बांधणी सुरू केली. त्यातली ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ डिसेंबर 1941 मध्ये मलायाजवळ जपानी विमानांनी बुडवली. त्या लढाईत जपानची एकही युद्धनौका नव्हती.